सांभाळणाऱ्याचं नाव

प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची होती. त्याआधी मोठ्या डॉक्टरीणबाईंना यादी हवी होती: कोणत्या संगणकावर कोणकोणती पॅकेजेस, म्हणजे कामाचे छोटेमोठे प्रोग्रॅम, आहेत, ती कशासाठी आहेत आणि प्रत्येकाला जबाबदार कोण. काम आलं ताईकडे. डोकं पिकवणारं काम असलं की ते न चुकता ताईकडेच यायचं. एका ओळीची आज्ञा दिली की संगणक त्या पॅकेजची सगळी कुंडली मांडायचा: नाव, आवृत्ती, चालायला आणखी कोणती पॅकेजेस लागतात, सांभाळणारा कोण. अशा कुंडल्या पाहत ताईने चार दिवस मान मोडून घेतली.

पाचव्या दिवशी तिने स्वतःच्याच पॅकेजची माहिती काढली. रक्ततपासणीच्या यंत्रातून आकडे घेऊन रिपोर्ट छापणारं पॅकेज. तीन वर्षं खपून तिने ते एकटीने उभं केलं होतं. आणि सांभाळणाऱ्याच्या जागी नाव होतं तिच्या धाकट्या भावाचं.

तिने आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा तेच नाव.

हा भाऊ म्हणजे घरातला लाडोबा. त्याला नोकरीला चिकटवलं ताईने, शेजारची खुर्ची दिली ताईने, चुका निस्तरल्या ताईने. नाव कधी बदललं ती तारीखही संगणकाने टिपून ठेवली होती, आणि ती वाचून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तो आठवडा! ताई आठ दिवस रजा टाकून दवाखान्यात आईच्या पायाशी बसली होती आणि इकडे या दिवट्याने केसाने गळा कापला होता. विभागप्रमुखाची जागा भरायची होती, आणि रिपोर्टचं पॅकेज ज्याचं त्यालाच ती मिळणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

ताई ओरडली नाही. पाण्याची अख्खी बाटली प्यायली आणि मिठाची गुळणी धरून बसली. मी बदललंच नाही म्हणून तो तोंड वर करून सांगेल, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याला त्याच्याच तोंडाने बोलायला लावायचं होतं, तेही चारचौघांत.

सोमवारच्या बैठकीत लाडोबाने संधी आणून हातात दिली. "मॅडम, ही यादी मी अर्ध्यावर आणतो," तो छाती काढून म्हणाला. "कुणालाच लागत नाहीत अशी पॅकेजेस कोणती, ते सिस्टिम स्वतः सांगते. उडवून टाकू. शुक्रवारी तुमच्यासमोर करून दाखवतो."

"आधी सभागृहातल्या सुट्या संगणकावर कर," ताई म्हणाली. "पेशंटचे रिपोर्ट अडायला नकोत."

"ताई, तू यादी कर गं फक्त," तो हसला. सगळे हसले. ताईही हसली. पण संगणक सुटाच ठरला, आणि दाखवण्यापुरतं रक्ततपासणीचं यंत्र त्याला जोडायचं ठरलं.

आता खरी गोम सांगतो. ताईचं पॅकेज एका बारक्या पॅकेजवर चालायचं. यंत्राच्या तारेतून येणारे आकडे ते वाचायचं. पण 'याला काय काय लागतं' या यादीत ताईने ते कधी लिहिलंच नव्हतं. नवा संगणक आला की ती स्वतः जाऊन ते बारकं पॅकेज हाताने घालायची आणि म्हणायची, ओळ उद्या लिहू. तीन वर्षं तो उद्या काही उजाडला नाही. आळस म्हणा, गलथानपणा म्हणा, होता तिचाच. आणि त्यामुळे सिस्टिमच्या लेखी ते बारकं पॅकेज कुणालाच लागत नव्हतं.

गुरुवारी लाडोबा उडवायची यादी घेऊन तिच्या टेबलाशी आला. "बघ ना जरा, यातलं काही ठेवायचंय का?"

ताईने बोट फिरवत यादी वाचली. सतराव्या ओळीवर ते बारकं पॅकेज होतं. एक शब्द बोलली असती तर सगळं टळलं असतं, आणि तो शब्द अगदी जिभेवर आला होता. धाकटा होता शेवटी.

"रिपोर्टच्या कामात काही अडणार नाही ना?" त्याने विचारलं.

"पॅकेज तुझं आहे," ताई म्हणाली. "तुलाच ठाऊक."

त्याने नजर चुकवली. मग कागद उचलून निघून गेला.

शुक्रवारी अकरा वाजता सभागृह भरलं. लाडोबाने एकशेचाळीस पॅकेजेस एका झटक्यात उडवली, टाळ्या घेतल्या आणि ऐटीत म्हणाला, "आता एक रिपोर्ट काढून दाखवतो."

रिपोर्ट निघाला. पेशंटचं नाव होतं, वय होतं, आकड्यांच्या जागी नुसते रिकामे रकाने. त्याने पुन्हा काढला, तेच. तिसऱ्यांदा काढला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

डॉक्टरीणबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी पॅकेजची माहिती पडद्यावर मागवली. "आकडे वाचणारं पॅकेज लागतं, तर ते इथे लिहिलेलं का नाही? सांभाळणारे तुम्ही ना? नाव तर तुमचंच दिसतंय."

लाडोबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ताईकडे पाहिलं. ताई शांतपणे पेनचं टोपण लावत होती.

"मॅडम, चूक माझी नाही," तो घाईघाईने म्हणाला. "ते पॅकेज मुळात ताईचं आहे. मी फक्त नाव बदललं."



"फक्त नाव?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताई उठली. किती दिवसांनी तिचा श्वास मोकळा झाला! "पॅकेज माझंच आहे, मॅडम. ती ओळ लिहायची राहिली ही चूकही माझीच. चार मिनिटं द्या." तिला तीन लागली. रिपोर्ट आकड्यांसकट बाहेर आला.

दुपारी विभागप्रमुखाची जागा ताईला मिळाली. चुकलेल्या ओळीबद्दल बोलणीही बसली, ती तिने खाली मानेने ऐकून घेतली. लाडोबाला दूरच्या शाखेत पाठवायचं ठरत होतं. "नको," ताई म्हणाली, "त्याला माझ्याच हाताखाली ठेवा."

जिन्यात त्याने तिला गाठलं. डोळे भरलेले. "ताई, तुझे उपकार कसे..."

"कसले उपकार रे? रोज दहाच्या ठोक्याला माझ्यासमोर मान खाली घालून उभा दिसायला हवास, म्हणून ठेवलंय."

त्याने डोळे पुसले. मग पुटपुटला, "आईला तरी सांगू नकोस."

हेच तर उरलं होतं! ताईने त्याच्यासमोरच फोन लावला, आवाज मोठा केला आणि आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

"अगं, मला ठाऊक आहे ते," आई म्हणाली. "दवाखान्यातच बोलला होता मला, तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. त्याला बायको आहे, पोर आहे, त्याचं नाव व्हायला हवं. तुझं काय एवढं अडलं होतं?"

ताईने जिन्याचा कठडा धरला. आईची थप्पड त्याला बसावी म्हणून तिने फोन लावला होता. थप्पड बसली, पण तिच्याच गालावर. लाडोबा पायरीकडे बघत उभा होता.

"अडलं होतं, आई," ती म्हणाली. "यापुढे दवाखान्यात पायाशी बसायला त्यालाच बोलव. त्याची रजा मी मंजूर करीन."