अर्धा फेरा

नूतनने साठच्या वेगात गाडी न्यूट्रलला टाकली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इंजिनचा आवाज बसला, पण पायाखालची थरथर तशीच राहिली. शेजारी बसलेला धाकटा भाऊ अभिजीत म्हणाला, दीड महिना तो हेच सांगतोय, साठला पोचली की सीटसकट सगळं गदगदतं.

"इंजिन नाही," नूतन म्हणाली. "मागचं काहीतरी."

तिने कर्जत रस्त्यावरून गाडी वळवली आणि अंबरनाथला गॅरेजवर आणली.

गॅरेज वडिलांचं, सदूमिस्त्रींचं. त्यांची पाठ गेल्यापासून पंधरा वर्षं नूतनच ते चालवत होती. रोज नऊला बुवापाड्यातून यायची, शटर वर करायची, मागच्या खोलीत वडिलांना चहा द्यायची आणि कामाला लागायची. एकाहत्तर सालची ही अँबॅसेडर भंगारातून आणून उभी केली तीही या बापलेकींनीच. नूतनचे चार वर्षांचे रविवार त्यात गेले. आणि दिवाळीत सदूमिस्त्रींनी चावी ठेवली ती अभिजीतच्या हातावर. तो बदलापूरला मांजर्लीत राहायचा, वीस मिनिटांवर, आणि यायचा सणावाराला. गाडी बाहेर निघाली तेव्हा नूतन आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली होती.

चावी द्यायच्या आदल्या दिवशी वडिलांनी तिला सामान आणायला उल्हासनगरला पिटाळलं होतं. परत येऊन बघते तर म्हातारा कंबर धरून गाडीखालच्या खड्ड्यातून वर येतोय, सदरा ग्रीसने माखलेला. चावी दिल्यावर आठ दिवस अंथरुणात काढले. माझ्यासाठी हे कधी वाकले असते का, असं तिच्या मनात आलं होतं. ते अजून गेलं नव्हतं.

आता ती त्याच खड्ड्यात उतरली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट तिने हाताने हलवून पाहिला. कुठेही ढिलाई नव्हती. मग बॅटरीचा उजेड मागच्या जोडावर टाकला. शाफ्ट खोलण्याआधी सदूमिस्त्री जोडाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायचे, म्हणजे बसवताना जागा चुकायची नाही. त्या रेघेचा एक तुकडा वर होता, दुसरा खाली. शाफ्ट बरोबर अर्धा फेरा फिरवून बसवला होता, म्हणून वेगात त्याचा तोल जात होता.

अभिजीत बाहेर फोनवर होता. वडील खड्ड्याच्या काठाशी येऊन बसले.

"सापडलं?"

"खूण उलटी आहे. तुमच्या हातून असं होत नाही, बाबा."

सदूमिस्त्रींनी बाहेर अभिजीतकडे एकदा पाहिलं.

"तो येत नाही गं," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, गाडी हलायला लागली की येईल."

नूतनच्या हातातला पाना तसाच राहिला. धोका नव्हता, आपण बघूनच केलं होतं, असं ते सांगत राहिले. मग आणखी वाकून म्हणाले,

"सगळीच सरळ नको करूस. थोडी थरथर राहू दे."

नूतनने चारही बोल्ट काढले, रेघेला रेघ भिडवली आणि लागतात त्याहून जास्त जोर लावून आवळले.

या वेळी सत्तरलाही गाडी पाण्यासारखी गेली. परत आल्यावर अभिजीतने विचारलं, झालं होतं तरी काय? सदूमिस्त्री जमिनीकडे बघत होते. एक वाक्य नूतनच्या ओठांपर्यंत आलं. तिने चिंधी घेतली आणि एकेक बोट पुसलं.

"जुनी गाडी आहे," ती म्हणाली. "दर महिन्याला आणत जा. ग्रीस लागतं तिला."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आणतो, असं अभिजीतने कबूल केलं. वडिलांचा चेहरा असा उजळला, की नूतनने मान वळवली.

गाडी गेल्यावर सदूमिस्त्री उत्साहाने बोलायला लागले. त्या रविवारी मटण आणू, अभिजीतला वजडी आवडते, ती तूच कर. नूतन पाने जागेवर ठेवत होती.

"उद्या मी येणार नाही," ती म्हणाली.

"का? बरं नाही?"

"बरं आहे."

"मग? घरी काही आहे?"

"काही नाही. असंच."

ते दारात उभे राहिले. मटणाचं बोलणं तिथेच राहिलं. नूतनने पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या.

"आणि परवा?" त्यांनी विचारलं.