गुद्रुनचा आकडा

गुद्रुन स्टेनमार्कच्या एका आकड्यावर स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाची निम्मी अब्रू उभी होती म्हणा ना. वीज महागली की घरं किती ऊर्जा वाचवतात, हे तिने तरुणपणी मोजलं होतं. तो आकडा सरकारने उचलला, पाठ्यपुस्तकांनी उचलला, आणि वीजकरावरून भांडणारे दोन्ही पक्ष तोच एकमेकांच्या तोंडावर आपटत राहिले. या वसंतात ती निवृत्त होणार होती.

आणि आकडा चुकलाय, हे नेमकं तिच्या शेवटच्या विद्यार्थिनीला, इल्वाला कळलं.

चूक साधीच होती. गुद्रुनने विजेचे मीटर मोजले, लाकडाच्या शेगड्या मोजल्याच नाहीत. वीज महागली की लोक वाचवत नव्हते, बर्चची लाकडं जाळत होते. इल्वा किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागातल्या खेड्यातली. बिल वाढलं की आई तिला लाकडाच्या खोपटाकडे पिटाळायची आणि धुराने सगळ्या आळीचे डोळे चुरचुरायचे. तो धूर गुद्रुनच्या गणितात कुठेच नव्हता.

पण हे लिहायचं कसं? या बाईने तिला हाताला धरून संशोधन शिकवलं, तिचे कच्चे मसुदे दवाखान्याच्या बाकावर बसूनसुद्धा वाचले. मंत्र्याला ‘आकडा माझा, धोरण तुमचं, खापर माझ्यावर फोडू नका’ असं सुनावणारी ही बाई इल्वाला फार फार आवडायची. खाल्ल्या घरचे वासे कोण मोजणार? तिने चौथ्या प्रकरणात एक बारीक तळटीप टाकली: ‘काही घरांत लाकडाचा वापर कदाचित वाढला असावा.’

प्रबंध छपाईला जायच्या आधी, सकाळच्या कॉफीला, गुद्रुन मसुदा घेऊन तिच्यासमोर बसली. दालचिनीच्या पावाला तिने हातही लावला नाही.

“हा ‘कदाचित’ कुणासाठी गं? घरांसाठी की माझ्यासाठी?”

गुद्रुनने मसुदा उघडून त्या तळटिपेवर बोट ठेवलं.

“तुझ्या आकडेमोडीत मला तो कुठे दिसला नाही. दोनदा तपासली मी.”

“गुद्रुन, तुझं सगळं आयुष्य त्या—”

“माझं आयुष्य म्हणजे एक आकडा? बरी किंमत केलीस!” ती हसली आणि कप बाजूला सारला. “इतकी वर्षं लोकांनी माझ्या भरवशावर धूर खाल्ला. आता मेहरबानी कर आणि हे पहिल्या पानावर आण. माझं नाव घालून.”

इल्वा घरी जाऊन रडली, आणि मग तिने ते वाक्य ‘कदाचित’ काढून, गुद्रुनचं नाव घालून पहिल्या पानावर लिहिलं.

जाहीर परीक्षेच्या आधी प्रबंध विभागातल्या फळीवर खिळ्याने ठोकायचा, ही तिथली जुनी रीत. त्याच फळीवर कधीकाळी गुद्रुननेही आपला ठोकला होता. सगळे कप घेऊन जमले. इल्वाचा पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला.

“खेड्यातली ना गं तू? लाकडं काय चमच्याने फोडायचीस?” मागून गुद्रुनने टोमणा मारला. सगळे हसले, पण इल्वाचा हात काही उठेना.

तेव्हा गुद्रुन पुढे झाली आणि तिसरा खिळा तिने स्वतःच्या चिमटीत धरला.

“ठोक.”

“बोटावर बसेल!”

“मग जपून ठोक. निरोपाच्या भाषणात मला याच बोटाने दाखवायचंय, मी कुठे चुकले ते.”

इल्वाने हातोडा उचलला. खिळा सरळ आत गेला.