ताईच्या घरापाशी तुटलेली रेघ

चूक माझ्या हाताची नाही, आमच्या खात्याच्या सवयीची आहे. नकाशावर घराचा चौकोन आला की रेघ अलीकडे थांबवायची आणि पलीकडून पुढे न्यायची. चौकोनावर शाई गेली की साहेब नकाशा तोंडावर फेकतात. बावीस वर्षं मी हेच करतोय.

बेटासाठी दोन्हीकडच्या लढाऊ बोटी सज्ज होत्या. ऐनवेळी तह झाला, बेट मधोमध वाटायचं ठरलं आणि नकाशा माझ्या टेबलावर आला. हद्दीची रेघ नेमकी माझ्या ताईच्या घरावरून जात होती. मी ती घरापाशी तोडली, नेहमीसारखी. दोन्ही सरकारांनी सह्या ठोकल्या आणि ताई कुठल्याच देशाची राहिली नाही.

"रेघ नाही तिथे हद्द नाही, मग ओळखपत्र कसं देणार?" आमचा कारकून म्हणतो. पलीकडचाही तेच म्हणतो. बाकी सगळ्यात भांडतात, यात मात्र मेल्यांचं गूळपीठ! ओळखपत्राशिवाय ताईला बोटीत घेत नाहीत. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन इकडे व्हायचंय, महिन्याभरात झालं नाही तर डोळा जाणार. अकरा खेटे घातले. अक्षरशः डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं.

"अरे रेघोट्या," ताई फोनवर म्हणाली, "लहानपणी भिंती रंगवायचास आणि मार मी खायचे. अजून तेच चाललंय बघ." वर हसली. मला रडू येत होतं.

शेवटी साहेब म्हणाले, "तह बदलत नाही. पण जागेवर घरच नसेल, तर नकाशात रेघ जोडता येते."

"घर आहे, साहेब. भावजी गेले, पण त्यांनी स्वतः बांधलेलं घर आहे ते."

"मग पाडायचं. बाईंची संमती आणा."

ताईला सांगितलं. रेघ जोडली की निम्मी जागा इकडची, म्हणजे तूही इकडची.

"दाराची चौकट तेवढी ठेवते," ती म्हणाली. "बोटीत मावेल ना रे?"

आज सकाळी पंचनामा आला: जागा मोकळी. ताई पेटी आणि चौकट घेऊन धक्क्यावर बसलीय. दुरुस्त नकाशा पोचल्याशिवाय तिला बोटीत घेणार नाहीत. माझ्यासमोर तांदळाच्या दाण्याएवढी फट आहे. चौकोन खोडून झाला, पण त्याचा ओरखडा कागदावर दिसतोय.

मी शाईत टाक बुडवला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा घरावरून रेघ नेली.