साहेबांच्या रक्तातले एकशे बासष्ट

आमच्या प्रयोगशाळेत प्रथिनं तोलायची दोन घराणी आहेत. एक माझ्या सहकाऱ्याचं. तो आधी प्रथिनाचे बारीक तुकडे करतो आणि मग ते मशीनवर तोलतो, म्हणून त्याला सगळे कातरी म्हणतात. दुसरं घराणं माझं, आणि त्यात मी एकटीच आहे. मी प्रथिन अख्खं ठेवते. कॉलम म्हणजे बोटभर लांबीची पोलादी नळी. तिच्यातून नमुना सावकाश सोडला की वेगवेगळी प्रथिनं वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर पडतात आणि मशीन एकेकाचं वजन सांगतं.

कातरी मला अखंडबाई म्हणतो.

मशीन मात्र एकच. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, फर्मान काढलं, "शुक्रवारपर्यंत हिमोग्लोबिनच्या दोन्ही साखळ्या स्वच्छ वेगळ्या करून दाखवा. नाहीतर सोमवारपासून मशीन पूर्ण वेळ कातरीकडे."

साखळ्या पहिल्याच दिवशी वेगळ्या झाल्या. एकीचं वजन पंधरा हजार एकशे सव्वीस, दुसरीचं पंधरा हजार आठशे सदुसष्ट. पुस्तकातलेच आकडे. पण आलेखावर दुसरीच्या शेजारी एक आगंतुक सुळका उभा होता, तिच्याहून बरोबर एकशे बासष्टने जड.

एकशे बासष्ट म्हणजे साखरेचा एक रेणू चिकटलेला. हे मला झोपेतही सांगता आलं असतं. प्रत्येकाच्या रक्तात असं थोडंफार चिकटलेलं असतंच. पण हे थोडंफार नव्हतं, आणि नमुन्याच्या नळीवर तर 'नॉर्मल' अशी चिठ्ठी होती. तेव्हा मी निष्कर्ष काढला की साखर आमच्या भांड्यांतून येते आहे.

मी द्रावणं नव्याने बनवली. कॉलम दोनदा बदलला. खोलीत चहा प्यायला बंदी केली.

"अखंडबाई, दोन मुंग्या पाळा," कातरी दारातून म्हणाला. "साखर कुठे आहे ते त्या बरोबर दाखवतील."

"तुझ्या तुकड्यांत ती दिसत नाही का?"

"मी ओळखीचेच तुकडे बघतो. अनोळखी लोकांशी बोलू नये, असं आईने शिकवलंय."

गुरुवारी सकाळी नाश्त्याला नणंद आली होती. ती दवाखान्यात परिचारिका आहे आणि दुसऱ्याचं रडगाणं ऐकत खाण्याची तिला सवय आहे. मी सुळका, कॉलम, चहाबंदी, सगळं सांगितलं.

"वहिनी, रक्त कुणाचं आहे?"

"नॉर्मल."

"अहो, माणूस कोण?"

"साहेब. दहा वर्षं तेच देतात. दर महिन्याला एक थेंब."

"आणि नॉर्मल आहे असं कोण म्हणालं?"

"साहेबच."

तिने चमचा खाली ठेवला. "म्हणजे विद्यार्थीही तेच आणि परीक्षकही तेच! आणि तुम्ही बिचाऱ्या नळ्या घासताय."

आमच्या प्रयोगशाळेत अकरा माणसं आहेत, त्यांतली सात डॉक्टरेट झालेली. दहा वर्षांत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. नणंदेने तिथल्या तिथे स्वतःचं बोट टोचून मला थेंब दिला. वर म्हणाली, "माझं काही निघालं तर आईला सांगू नका, माझा भात बंद होईल."

त्याच कॉलमवर, त्याच द्रावणात आधी साहेबांचा आणि मग तिचा थेंब सोडला. तिच्यातही एकशे बासष्टचा सुळका होता, पण जेमतेम, सपाट माळावरच्या वारुळाएवढा. साहेबांचा त्याच्या दुप्पट भरला. म्हणजे माझी पद्धत ठणठणीत होती. बरी नव्हती ती दुसरीच गोष्ट, साहेबांची साखर, आणि मशीन वाचवायचं तर ती साहेबांच्या तोंडावर सांगायला हवी होती.

शुक्रवारी मी दोन कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. कातरीही मागोमाग यायला निघाला. त्याला म्हटलं, "तू बाहेर थांब." इतक्या स्पष्टपणे मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं, तो थांबला.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले.

"कॉलम खराब आहे."

"तिसरा आहे, साहेब."

"द्रावण?"

"ताजं."

"मग हा दुसरा आलेख कुणाचा?"

"नणंदेचा. कॉलम तोच, दिवसही तोच."

साहेब खुर्ची सरकवून हळूच म्हणाले, "किती टक्के?"

"माझ्या हिशोबाने साडेदहा. सहाच्या आत हवं. दवाखान्यात तपासून घ्या, साहेब. माझं मशीन डॉक्टर नाही."

"बाहेर कोणाला बोललात?"

"नणंद सोडून कोणाला नाही."

"घरी माझी बायको वर्षभर हेच सांगतेय," ते म्हणाले. "तिच्याकडे पुरावा नव्हता म्हणून मी वाचलो."

सोमवारी मशीन कोणाकडे, हे काही त्या दिवशी ठरलं नाही. शनिवार-रविवार मी घरात उगाच कपाटं आवरली.

सोमवारी सकाळी साहेब तडक मशीनच्या खोलीत आले. हातात दवाखान्याचा कागद. चेहरा पडलेला असेल असं वाटलं होतं, पण पहिला नंबर आलेल्या पोरासारखे दिसत होते.

"दहा पूर्णांक आठ! तुमचे साडेदहा! अख्ख्या प्रथिनावरून!" मग स्वतःच्याच आनंदाची लाज वाटून त्यांनी कागदाची घडी घातली. "गोळ्या सुरू झाल्यात. मशीन निम्मा आठवडा तुमचं. कातरीला मी सांगतो."

"आभारी आहे, साहेब."

ते जाईनात. मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "तीन महिन्यांनी हा सुळका किती खाली आला ते मला बघायचंय. दवाखान्यातला नुसता आकडा नको. मला तो असा समोर दिसायला हवा."

मी मशीनच्या पाळीची वही पुढे केली. त्यांनी कातरीच्या नावाखाली मुकाट्याने स्वतःचं नाव लिहिलं. वर आणखी आठ नावं होती. ती त्यांनी पेनाच्या टोकाने मोजली.

"यात नंबर जरा वर घ्यायचा असेल तर कुणाशी बोलावं लागतं?"

"माझ्याशी," मी म्हणाले.