अव्वाच्या बाजूचं दार

मंगळवारी अव्वा व्हॅनमध्ये अडकली आणि त्यानंतर तिने व्हॅनमध्ये बसताना मांडीवर खलबत्त्यातला बत्ता घ्यायला सुरुवात केली. दार पुन्हा अडकलं तर काच फोडायला.

अव्वा म्हणजे मल्लम्मा, श्रीदेवीची आई. दोन वर्षांपासून तिचं डायलिसिस चालू होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सास्तूरहून उमरग्याला जायचं, चार तास मशीनवर, मग परत. व्हॅन श्रीदेवीच्या वडिलांची. सोळा वर्षं तीत ब्लँकेटं भरून ते आठवडी बाजार करत फिरले. माल चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनीच सोलापुरातून सेंट्रल लॉक बसवून आणलं होतं. आता वडील नव्हते, ब्लँकेटं नव्हती, आणि तेच लॉक कधी आपोआप पडायचं, कधी उघडायचंच नाही.

मंगळवारी परत निघताना श्रीदेवीने अव्वाला पुढच्या सीटवर बसवलं, आपल्या बाजूने पर्स आणि चावी आत टाकली आणि राहिलेली औषधं आणायला दार लोटून वळली. खट्. चारी दारांच्या लॉकच्या खुंट्या एकदम खाली. आतून अव्वा खुंटी वर ओढायची, ती लगेच पुन्हा खाली पडायची. मशीनवरून नुकतीच उठलेली बाई, बोटांत जोर नाही, आणि एप्रिलचं दुपारचं ऊन. दवाखान्याच्या वॉचमनने काचेच्या फटीतून तार घालून खुंटी वर धरली, त्याच क्षणी श्रीदेवीने बाहेरून दार ओढलं, तेव्हा अव्वा निघाली. रडली नाही. फक्त म्हणाली, "घरात मरायचं तर मरीन, डब्यात नगं."

बुधवारी गावातल्या मेकॅनिकने अव्वाच्या दारातली मोटर बदलली. गुरुवारी खुंटी पुन्हा पडली.

शनिवारी अव्वाला मशीनवर लावून श्रीदेवी बाहेर आली. व्हॅनजवळ जाऊन नुसतीच उभी राहिली. पहाटे चारला उठली होती. धुणं, स्वयंपाक, म्हशीचं पाणी, अव्वाचं मोजून ठेवलेलं पाणी. आता हे दार. कुठून सुरुवात करावी तेही सुचेना. तिने अव्वाच्या बाजूचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"एकलं तेच पडतंय, का सगळी?"

मागे धोंडीबा काका उभे होते. मुरूमचे. त्यांची बायको तुळजाबाई अव्वाच्या शेजारच्याच मशीनवर असायची. दोन वर्षं बाहेरच्या एकाच बाकावर बसूनही "आज गर्दी हाय" याच्यापलीकडे दोघांचं बोलणं कधी गेलं नव्हतं.

"सगळीच पडत्यात, काका."

"मग दोष इथं न्हाय. हुकूम देणारं दार तुझं हाय. ड्रायव्हरचं. तिथून वायर जाती, बाकीची नुसती ऐकत्यात." ते चष्मा पुसत म्हणाले, "म्या एस्टीच्या डेपोत बत्तीस वर्षं वायरमन व्हतो."

"तुम्ही बघता का मग?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "हे बघ. ह्यांनी आता चहाची कपबशीसुदिक धरवत न्हाय. म्या सांगतो, तू कर."

श्रीदेवीला खरं तर बाकावर आडवं व्हायचं होतं. पण तिने सीटखालची पान्यांची पिशवी काढली.

आधी बॅटरीची एक तार सोडायला लावली त्यांनी. मग ड्रायव्हरचं दार सताड उघडायला सांगितलं. दार आणि बॉडी यांच्यामध्ये, बिजागरीपाशी, अंगठ्याएवढी जाड रबरी नळी होती. दारात जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातून जात. श्रीदेवी जमिनीवर ओढणी अंथरून कुशीवर पडली आणि पेचकसाने नळीचं तोंड उचकटू लागली. रबर वाळून कडक झालं होतं. दोनदा पेचकस निसटून तिच्या बोटाला लागला.

"दमानं. घाई नगं करू," काका वरून म्हणाले. "दार दिवसातून किती येळा उघडतीस?"

"मोजलंय कुणी!"

"दर येळी वायर वाकती. एक दिवस आतनं तुटती. वरनं काय बी दिसत न्हाय."

नळी सुटली. आत पाच वायरी होत्या. निळी एका केसाएवढ्या तारेवर लटकत होती. हिरवी आणि पिवळी सालून उघड्या पडल्या होत्या आणि एकमेकींना चिकटल्या होत्या. श्रीदेवी बघतच राहिली. हे सगळं तिच्याच उजव्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं, आणि ती अव्वाच्या दाराला शिव्या देत होती.

"पिळून टेप लावते," ती म्हणाली.

"चार दिवसात सुटंल. मधी तुकडा जोड, सोल्डर मार. वायर जरा सैल राहिली पायजे, ओढ बसाया नगं."

दवाखान्याच्या फाटकासमोर महांतेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या सोल्डर मारायच्या यंत्राची वायर दुकानाच्या पायरीपर्यंतच पोचत होती, म्हणून श्रीदेवीने बॅटरी जोडून व्हॅन रस्ता ओलांडून दुकानासमोर नेली, पुन्हा तार सोडली आणि पुन्हा खाली पडली. महांतेशच सोल्डर मारून द्यायला निघाला, पण एवढ्यात गिऱ्हाईक आलं. मग तिनेच केलं. पहिला जोड गोळा होऊन गळून पडला. दुसरा धरला. काका गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते, आणि प्रत्येक जोडानंतर म्हणत होते, "ओढून बघ." ती ओढायची. "अजून ओढ." पाचही वायरींना तुकडे जोडून, टेप गुंडाळून, नळी पुन्हा बसवेपर्यंत तिचा खांदा बधिर झाला होता.

बॅटरी जोडली. चावी फिरवली. चारी खुंट्या खाली. परत फिरवली. चारी वर. दार आपटलं. काही नाही. पुन्हा जोरात आपटलं. खुंट्या वरच राहिल्या.

"जमलं की," काका म्हणाले. कौतुक नव्हतं आवाजात, नुसता सुस्कारा होता.

अव्वाला बाहेर आणलं तेव्हा ती व्हॅनपासून चार पावलांवर थांबली. पट्टी बांधलेला हात पोटाशी धरलेला.

"झालंय नीट," श्रीदेवी म्हणाली.

"बुधवारी बी झालंच व्हतं."

श्रीदेवीला वाद घालायचं त्राण नव्हतं. काका पुढे झाले आणि स्वतःच अव्वाच्या सीटवर बसले. "लाव गं पोरी." श्रीदेवीने दार लावून बाहेरून कुलूप केलं. काकांनी थरथरत्या बोटांनी आतून खुंटी ओढली. ती वर राहिली. दार उघडलं.

"अजून एकदा," अव्वा म्हणाली.

तिने तीन वेळा करायला लावलं. चौथ्यांदा स्वतः बसली, खुंटी ओढली, उघडून पाहिली, मग डोळे मिटून मागे टेकली. "चल," एवढंच म्हणाली.

तेव्हा श्रीदेवीचं लक्ष दवाखान्याच्या पायरीकडे गेलं. तुळजाबाई तिथे पिशवीवर डोकं टेकून बसली होती.

"काका, तुमची तीनची गाडी?"

"गेली. पाचला हाय दुसरी."

"सांगायचं न्हाय व्हय मला!"

"सांगून काय, गाडी थांबली असती?"

श्रीदेवीला इतकं वाईट वाटलं की तिला रागच आला. स्वतःचाच. ह्या बाईलाही आत्ताच मशीनवरून काढलं होतं, तिलाही पडायचं होतं कुठेतरी. ती म्हणाली, मुरूमला सोडते. काकांनी मान हलवली, उलट्या दिशेला आहे, तुझ्या आईला तेवढं बसवणार नाही. ते खरं होतं. शेवटी दोघांना स्टँडपर्यंत सोडायचं ठरलं.

मागच्या सीटवर बसताना तुळजाबाई तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "नगं मनाला लावून घिऊ. डेपो सुटल्यापसनं यांना कुणी काय इचारत न्हाय. आज जरा बोलले तरी."

स्टँडवर सावलीत एक बाक रिकामा होता. श्रीदेवीने तुळजाबाईला तिथे बसवलं, पाण्याची बाटली पुढे केली. तुळजाबाईने एक घोट घेऊन परत दिली. तिलाही मोजूनच प्यायचं होतं. मंगळवारी भेटू, असं कुणी म्हणालं नाही. भेटायचं होतंच.

नारंगवाडीच्या पुढे रस्त्यात खड्डे लागले. अव्वा झोपली होती, तोंड किंचित उघडं. खुंटी पडते का म्हणून श्रीदेवी प्रत्येक खड्ड्याला कान देत होती. मग तेही जमेना. डोळे जड झाले, तेव्हा काच खाली करून तिने वारं तोंडावर घेतलं.

सास्तुरात, भूकंपानंतर सरळ आखलेल्या गल्लीत, घरासमोर तिने व्हॅन थांबवली आणि इंजिन बंद केलं. म्हैस ओरडत होती. अव्वाला उठवायचं, धरून आत न्यायचं, भाकरी टाकायची. श्रीदेवीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"आलो का?" अव्वाने डोळे न उघडता विचारलं.

"आलो."

"मग बस जरा," अव्वा म्हणाली. "मला बी आत्ता उठवत न्हाय."