गुळगुळीत खरबुजावरची जाळी

एका खरबुजावरची जाळी खरी ठरली, तर नवनीत सरांच्या पदरात काय पडणार, हे पार्वतीबाईला पाठ होतं. शोधनिबंध, कायमची नेमणूक आणि नेमणुकीवाचून अडलेली सोयरीक. बाईला काय, तर मजुरीचा आणखी एक हंगाम. तेवढ्यासाठी कालपासून तिच्या तोंडाला कुलूप होतं.

शहाद्याजवळच्या संशोधन प्लॉटवर तपासणी समिती आली होती. नवनीत वाफ्यात उकिडवा बसून समजावत होता.

"वाढताना खरबुजाची साल तडकते. तडकलेल्या जागी बुचासारखा थर चढतो, तीच जाळी. फळ सुकू नये म्हणून. प्लॉटवरच्या जाळीवाल्या वाणांची जाळी आम्ही मोजतो. पण हा वाण गुळगुळीत. ह्यात जाळीचा जीन बंदच असतो. आणि तरी हे बघा."

वेलावर एकच फळ होतं. फिकट हिरव्या, नितळ सालीवर तळहाताएवढी करडी, खरखरीत जाळी.

"जीन आपोआप चालू झाला म्हणता?" समितीतल्या शास्त्रज्ञ डॉक्टरांनी विचारलं.

नवनीतने होकारार्थी मान हलवली. शिकलेल्या माणसाला हवं ते दिसलं, की तो दुसऱ्यांदा बघायच्या फंदात पडत नाही.

"मग सालीचा तुकडा प्रयोगशाळेत जाऊ द्या. चाकू आणा."

फळ पिकायला अजून पंधरा दिवस होते. आत्ता चिरलं तर आतलं बी पोचट. ह्या बियासाठी तिने दोन हंगाम पहाटे उठून मादीफुलाला नरफूल लावलं होतं.

"मावशी, चाकू."

"कापू नका, सर. ते मन्हं नख शे."

"काय?"

"फळ लिंबूइतलं व्हतं, तव्हय तीन उभ्या, तीन आडव्या रेघा मारेल शेतस मी. आम्ही भोई लोक तापीना वाळूमा डांगरे, म्हंजे खरबुजं, लावतस. चिठ्ठी वारामा उडी जास. बियानं फळ कोनी तोडू नही, म्हनीसन नखनी खूण करतस. फळ वाढस, तशी खूण बी वाढस."

डॉक्टर वाकले. सहाही रेघा त्यांनी बोटाने मोजल्या.

"म्हणजे जखमेवरची खपली. जीन झोपलेलाच आहे." मग ते सावकाश म्हणाले, "बाई, आणखी कुठल्या फळांना नख लावलंत?"

नवनीतने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हण, एवढंच त्या नजरेत होतं.

"बियानं गुळगुळीत फळ हाई एकच. पन जाळीवालामा जितलं बी धराले ठेयेल शे, तितलाले बी. त्या खुणा जाळीमा दडी गयात."

"मग जाळीची ही मोजणी काय कामाची? प्लॉट बाद."

समितीने चहा घेतला, दोन पिकलेली खरबुजं जीपमध्ये ठेवली आणि ती तळोद्याकडे निघून गेली.

नवनीतने रजिस्टर उघडलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: मजुराचा हस्तक्षेप.

"काय लिखं, भाऊ?"

त्याने वाचून दाखवलं.

"हाऊ मजूर कोन शे?"

"ऱ्हाऊ दे, मावशी," आता तोही तिच्याच बोलीत बोलला. " नाव लिखं ते तुले कोनी कामवर लेवाव नही."

"मजूर लिखशात ते कामवरल्या आठी बायास्वर आळ जाई. मन्हं नाव लिखा."

अठरा वर्षांच्या मजुरीत त्या रजिस्टरात तिचं नाव कधी आलं नव्हतं. नवनीतने 'मजुराचा' खोडलं आणि वर पूर्ण नाव लिहिलं, पार्वतीबाई सुकलाल भोई.

समितीचं काही गेलं नाही. नवनीतचे दोन हंगाम गेले; सोयरीकवाले म्हणाले, पुढे बघू. सोमवारी वेल उपटायला सात बायांना बोलावणं आलं. आठवी घरी होती.