उजव्या हाताची जागा

अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंग कंपनीचा गोरा साहेब विलायतेला परत गेला आणि त्याचा आपोआप वाजणारा पियानो कंपनीच्या क्लबातच राहिला. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी आत लावायची, पायांनी भाता हलवायचा, की पट्ट्या आपल्या आपण दबू लागत. त्याची देखभाल कंपनीतला कारकून कमलाकांत करी. मी अमरावतीची, पेटी वाजवणारी, एक्कावन्न साली दिवाळीला अकोल्याला मावशीकडे आलेली; पियानो बघायला क्लबात गेले. तो म्हणाला, "दबणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवा, हाताले बरोबर समजते."

सुट्टीभर मी तशीच शिकले. गुंडाळ्या सगळ्या विलायती, म्हणून एकदा मी स्वतः बसवलेली चाल त्याला गाऊन दाखवली. त्याने ती वहीत उतरवून घेतली. आणि मी वेडी त्याच्यात गुंतले.

माघात मोर्शीचं स्थळ आलं. मी लाज गुंडाळून त्याला पत्र टाकलं, 'बाबांशी येऊन बोला.' चैत्र संपला तरी उत्तर नाही. मग मीही हट्टाला पेटले आणि होकार देऊन टाकला. संत्र्यांच्या बागा, भला नवरा, तक्रारीला जागा नाही. पण कमलाकांतवरचा राग मात्र तेरा वर्षं लोणच्यासारखा मुरवला.

यंदा त्याच्या बहिणीचं, विमलचं, पत्र आलं. दादा गेला. क्लब मोडला तेव्हा पियानो त्याने घरी आणला होता. तुमच्या नावाची एक गुंडाळी आहे, ऐकून जा.

गेले. खडसावायला माणूसच उरला नव्हता, तेव्हा पियानोकडेच डोळे वटारून उभी राहिले. विमल भाता हलवू लागली. डावीकडच्या पट्ट्या दबू लागल्या. माझ्या चालीची साथ होती ती, पण चाल कुठे? उजवीकडची एकही पट्टी हलेना.

"अर्धवटच सोडलं ना इथंही!" मी म्हणाले.

"अर्धवट नाई, कुंदाताई. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दादानं मोच्याकडून भोकं पाडाचं हत्यार आणलं. मी म्हटलं, काहून? दोन ओळी लिहून टाक ना! त म्हणे, मले असलं लिहिता येत नाई, हेच उत्तर घेऊन जातो. तीन महिने एकेक भोक पाडून राहिला होता. पुरं झालं, अन् तुमची पत्रिका आली."

"मूर्ख!" मी ओरडले. मग बांध फुटला. किती वेळ रडले कोण जाणे.

"अन् उजवा हात?" मी विचारलं.

"थे जागा तुमची हाय म्हणे. रोज वाजवे, पन बाकाच्या डाव्या टोकालेच बसे. मलेबी उजवीकडं बसू देत नोता."

विमलने गुंडाळी पहिल्यापासून लावली. बाकाच्या डाव्या टोकाचं पॉलिश पार उडालं होतं. उजवीकडचं नव्यासारखं होतं. मी तिथे बसले आणि पट्ट्यांवर बोटं ठेवली. चाल माझीच, पण मध्येच विसरले. डावीकडच्या पट्ट्या माझ्यासाठी थांबल्या नाहीत.

"पुन्हा लाव," मी विमलला म्हणाले.